दोन पाळण्यांमधली वर्षे

पौषातली थंडी अंगवळणी पडत असते आणि संक्रांत येते. घराघरांत भाजलेल्या तिळाचा खमंग वास दरवळतो, सुगडांत हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजरे आणि उसाचे करवे भरले जातात, आणि तिथून थेट रथसप्तमीपर्यंत वाड्या-वस्त्यांतल्या, चाळींतल्या, सोसायट्यांतल्या दुपारी बायकांच्या होतात. कोणाची लग्नानंतरची पहिली संक्रांत असते. काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने ल्यालेली ती नवी सून साऱ्यांच्या नजरा झेलत बसलेली असते. कोणाच्या तान्ह्याचे बोरन्हाण असते आणि बोरे-चुरमुरे वेचायला पोरांची झुंबड उडते. अत्तर, गुलाबपाणी, हळदीकुंकू, वाण आणि आग्रहाने घ्यायला लावलेले उखाणे, या साऱ्यांतून मधूनच एखादा प्रश्न अलगद पुढे सरकतो. नव्या सुनेला : गोड बातमी कधी? बोरन्हाणाच्या बाळाच्या आईला : आता याला भाऊ कधी? विचारणाऱ्या मायेनेच विचारतात. आपणही हे प्रश्न कधी विचारले आहेत, कधी ऐकून घेतले आहेत, आणि समोरच्या चेहऱ्यावरचे लाजरे हसू हेच उत्तर मानून तिळगुळाकडे वळलो आहोत.

त्या हसण्यामागे काय असते, हे आज थोडे थांबून पाहावेसे वाटते. तिला मूल हवे आहे का, आता हवे आहे की तीन वर्षांनी, आणि तीन वर्षांनी हवे असेल तर तोवर पाळणा लांबवण्यासाठी तिच्या हाती काय आहे, हे तिच्याशी कोणी बोललेले असते का?

संक्रांत बहुधा ज्या तारखेला येते त्याच १४ जानेवारीला, १८८२ साली, हाच प्रश्न आयुष्यभर लावून धरणारे रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. १८९१ मध्ये आई राधाबाई बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ दहा वर्षांचेही नव्हते. पुढे ते गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचा दवाखाना सुरू झाला तोही त्याच वर्षी; म्हणजे जगाच्या मागोमाग नव्हे, जगाच्या बरोबरीने एक मराठी माणूस हे काम करू लागला होता. त्या कामापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गेली. जुलै १९२७ पासून १९५३ मधल्या मृत्यूपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. त्याच आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला आणि तो फेटाळला गेला. रघुनाथराव आणि पत्नी मालतीबाई यांनी स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले, तेव्हा शस्त्रक्रिया रघुनाथरावांनी करून घेतली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गृहस्थाचे हे एक कृत्य आजही आपल्याला ओलांडता आलेले नाही. त्याकडे पुढे वळूच.

कर्व्यांना लोकसंख्येची चिंता होतीच. पण त्यांच्या लिखाणाचा कणा वेगळा होता : मूल कधी व्हावे हे ठरवणे ज्या शरीरातून ते मूल येते त्या शरीराच्या मालकिणीच्या हाती असावे. १९५२ मध्ये भारताने सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, त्याच वर्षी मुंबईत या विषयावरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, पुढे गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आला. तेव्हापासून आपण बरेच चालून आलो. मात्र या वाटचालीत लोकसंख्येचा आकडा पुढे गेला आणि शरीराची ती मालकीण मागे राहिली, असे आजच्या दिवशी म्हणावे लागते.

आकडेच पाहू. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आहे. घरटी दोन मुले या मर्यादेच्याही आपण खाली आलो आहोत. ज्या भयाने दशकानुदशके भाषणे झाली, त्या भयाचे कारण आपल्या राज्यापुरते सरले आहे. पण हे कोणाच्या शरीरावर साधले? त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या दर १०० विवाहित स्त्रियांपैकी ४९ जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळते. देशभरात हे प्रमाण जवळजवळ ३८ आहे. तांबी वापरणाऱ्या मात्र देशात १०० मध्ये दोनच. तीन महिन्यांच्या इंजेक्शनवर असलेल्या एकही पूर्ण भरत नाहीत.

देशात या शस्त्रक्रिया होतात त्या साधारण पंचविशीत. त्याच पाहणीनुसार महाराष्ट्रात विशीतल्या पहिल्या पाच वर्षांतल्या दर १०० जणींमागे सुमारे २२ जणींचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले असते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एका आयुष्याचा आराखडा दिसतो. सतराव्या-अठराव्या वर्षी बोहल्यावर, वर्ष सरता सरता पहिले बाळंतपण, ते अंगावर पीत असतानाच दुसऱ्याची चाहूल, आणि पंचविशी गाठेतो ऑपरेशन होऊन सारे संपलेले. सात-आठ वर्षांत आईपण सुरू होऊन मिटते, आणि त्या सात-आठ वर्षांत साधन असे काहीच वापरलेले नसते. पाळणा थांबवायला आपण शिकलो. पाळणा लांबवायला शिकलो नाही.

आणि लांबवण्याची साधने तर केव्हाची हाताशी आहेत. सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या तांबीचा एक प्रकार पाच वर्षे काम करतो, दुसरा दहा. १०० जणींनी ती वर्षभर वापरली तर त्यांतल्या एखादीलाही दिवस जाणे विरळा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत ती बसवता येते, गर्भपातानंतरही बसवता येते, अंगावरच्या दुधावर तिचा परिणाम होत नाही, आणि काढली की लवकरच पुन्हा मूल राहू शकते. 'अंतरा' हे तीन महिन्यांचे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आले. दंडाच्या कातडीखाली बसवायची, तीन वर्षे टिकणारी बारीक काडी अलीकडे काही राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत मिळू लागली आहे. पहिले बाळ झाल्यावर पुढच्या दिवसांचा विचार करण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून जास्त, दर १०० मध्ये ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, तिथे हे २४ महिने म्हणजे आईच्या अंगात पुन्हा बळ भरण्याचा काळ आहे. तो मिळाला नाही की दुसरे बाळ दिवसांआधी येण्याची, कमी वजनाचे जन्मण्याची भीती वाढते, हेही आता सर्वज्ञात आहे.

मग अडते कुठे? केवळ अज्ञानात अडते, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही.

पहिली अडचण घराच्या उंबऱ्याआतच आहे. पहिल्या मुलाआधी साधन, ही कल्पनाच आपल्या घरांत बसत नाही. नव्या सुनेची कूस पिकते की नाही हे एकदा दिसले पाहिजे, मग पुढचे पाहू, असा अलिखित नियम असतो, आणि तो सासूपेक्षा अधिक कडकपणे कधी माहेरची आईच पाळते. मुलीला सासरी कोणी वांझ म्हणू नये ही धास्ती तिच्या पोटात असते. पहिली मुलगी झाली तर मुलगा होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. मुलगा झाला तर दुसरा एक होऊन ऑपरेशन करून मोकळे व्हायचे असते. या वेळापत्रकात दोन बाळंतपणांमधल्या वर्षांना जागाच उरत नाही. कायद्यानेही आपल्याला मुले मोजायलाच शिकवले आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक लढवायची तर दोनच अपत्ये असावीत, सरकारी नोकरी हवी तर दोनच असावीत. त्या दोघांत अंतर किती, पहिले झाले तेव्हा आईचे वय काय, हे कुठल्याच अर्जात विचारलेले नसते.

दुसरी गोष्ट भीतीची. तांबी वर चढते, पोटात फिरते, काळजात जाऊन रुतते, नवऱ्याला टोचते, अंगात उष्णता वाढते, पुढे मूलच राहत नाही : विहिरीवर, नळावर, हळदीकुंकवाच्या बैठकीत हे बोलणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. यातले बरेचसे खोटे आहे. गर्भाशय ही ओटीपोटातली पिशवी आहे. तिथून काळजाकडे वाट जात नाही. पण सगळी भीती खोटी म्हणून उडवून लावणे हा त्या स्त्रियांवर अन्याय होईल. तांबी बसवल्यावर पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाते, पोटात कळा येतात, हे खरेच आहे. जिच्या अंगात आधीच रक्त कमी, तिला ते जाणवते. आणि आपल्याकडे पाळीचे दिवस नुसते शरीराचे नसतात. अनेक घरांत आजही त्या दिवसांत बाई देवघरात जात नाही, कुठे स्वयंपाकघराबाहेर बसते, कुठे लोणच्या-पापडाला हात लावत नाही. चार दिवसांचे आठ झाले तर आठ दिवस तिच्या वावरण्यावर साऱ्या घराचा डोळा असतो. सण आला की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या औषधाच्या दुकानातून आणून गुपचूप घेणाऱ्या कितीजणी आपल्या ओळखीत आहेत! मंगळागौर असो, गौरी असोत की संक्रांतीचे वाण, त्या दिवशी आपण बाजूला बसायला नको म्हणून ती हे करते. तांबीमुळे दोन पाळ्यांच्या मध्येच डाग लागला तर तिचे व्रत, तिचे हळदीकुंकू, देवासमोरचे तिचे बसणे-उठणे सगळेच अडते. तिने तांबी काढून घेतली तर त्याला अडाणीपणा म्हणण्याआधी तिच्यावर ही शिवाशिव कोणी लादली, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.

इंजेक्शनाचे दुखणे याच्या उलटे. त्याने कित्येकींची पाळी हळूहळू थांबते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही; रक्त वाचते, तो लाभच आहे. पण महिन्याला घाण बाहेर पडली नाही तर ती आत साठते, ही समजूत आपल्या आजीपणजीपासून चालत आली आहे, आणि पाळी चुकली म्हणजे दिवस गेले ही धास्ती त्याहून मोठी. इंजेक्शन थांबवल्यावर मूल राहायला काही महिने जास्त लागू शकतात. हे आधी सांगितले नाही, की तेवढ्या महिन्यांत ती बाई स्वतःला वांझ समजू लागते आणि सारी आळी तिच्या उदाहरणावरून धडा घेते. साधन देताना दहा मिनिटे बसून काय होईल, किती दिवस होईल आणि केव्हा दवाखान्यात यायचे एवढे समजावले, तर कितीतरी जणी ते टिकवून धरतात, हा कुठल्याही अनुभवी नर्सबाईचा अनुभव आहे. ती दहा मिनिटे कोणाकडे असतात, हा मात्र प्रश्न आहे. उपकेंद्रातल्या नर्सबाईकडे लसीकरणही असते, गरोदर बायांची नोंद असते, साथीची पाहणी असते, आणि भरायची रजिस्टरे तर असतातच. आशाताई दारोदार फिरते, पण घरात सासू समोर बसलेली असताना सुनेशी काय बोलणार?

तिसरी गोष्ट आपल्या स्मृतीत खोल रुतलेली आहे, आणि तिच्याविषयी बोलणे आपण टाळतो. १९६५ मध्ये तांबीचा पूर्वज असलेला लूप आला तेव्हा मोठा गाजावाजा झाला. पण बसवल्यानंतर विचारपूस करणारे कोणी नव्हते, रक्तस्रावाने बेजार झालेल्या बाया परतल्या, आणि लूपचे नाव बदनाम झाले. पुढे आणीबाणीत माणसांना धरून नेऊन नसबंदी झाली. १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही, एवढेच. त्या काळातल्या बहुसंख्य शस्त्रक्रिया पुरुषांच्या होत्या. पुरुषांचा संताप सरकारला महागात पडला, आणि त्यानंतर कार्यक्रमाचा सारा भार न बोलणाऱ्या स्त्रियांकडे वळवला गेला. शिबिरे भरली, उद्दिष्टे ठरली, ओळीने टेबले लागली. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या शिबिरानंतर तेरा स्त्रिया गेल्या, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. ज्या समाजाने एवढे पाहिले, त्या समाजातली बाई दवाखान्यात पाऊल टाकताना दचकते, आपल्या अंगात कोण काय बसवते आहे या शंकेने तिचा जीव खालीवर होतो, याचे नवल वाटायला नको.

ही शंका आजही पुरती खोटी पडलेली नाही. बाळंतिणीला नीट न विचारता, कळांच्या भरात अंगठा किंवा सही घेऊन तांबी बसवल्याच्या तक्रारी देशाच्या निरनिराळ्या भागांतून आल्या आहेत. ४८ तासांची सोय हा विज्ञानाने दिलेला मोठा दिलासा आहे. पण ती सोय कोणाची? बाळंतीण दवाखान्यात आहे तोवर तांबी बसवून टाकली की पुन्हा तिला बोलवायला नको, ही दवाखान्याची सोय झाली. सातव्या-आठव्या महिन्यातल्या तपासणीला ती आली असताना, नवरा किंवा सासू सोबत असताना आणि एकदा नसतानाही, तिच्याशी बोलून, विचार करायला दिवस देऊन, मग बाळंतपणाच्या वेळी तिचा होकार पुन्हा ऐकून बसवली तर ती तिची सोय. साधन एकच, हातही तेच; फरक त्या दोन महिन्यांतल्या बोलण्याचा आहे.

आणि या दिवसांत ज्यांच्या दारात सुगडे मांडली जात नाहीत त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय कर्व्यांचे हे स्मरण पुरे होत नाही. संक्रांतीला आपण उसाचे करवे पूजतो तेव्हा तो ऊस तोडणारी माणसे, बीडची, मराठवाड्यातल्या कोरडवाहू गावांची, साखर कारखान्यांच्या पट्ट्यात कोप्यांमध्ये राहत असतात. दिवाळीच्या सुमाराला घरे बंद होतात ती उन्हाळ्यापर्यंत. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, आणि खाडा झाला तर दंड. तिथे आडोसा नाही, धुवायला पुरेसे पाणी नाही, पहाटे अंधारात उठून मोळ्या डोक्यावर. त्या बाईला तीन महिन्यांनी इंजेक्शनासाठी कोणत्या गावच्या दवाखान्यात जायचे? तिचे कार्ड गावाकडे, ती फडावर. तिला तर एकदा बसवून वर्षानुवर्षे विसरता येईल असे साधन सर्वात सोयीचे. पण त्याने अंगावरून जास्त गेले तर खाडा, आणि खाड्याचा दंड. या कोंडीतून पुढे काय झाले ते २०१९ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने वाचले : तिशी-पस्तिशीतल्या ऊसतोड बायांनी पिशव्याच काढून घेतल्या होत्या. दोन-तीन मुले झाली आहेत, आता पिशवीचे काय काम, असे त्यांना सांगितले गेले होते. पाळी, पांढरे जाणे आणि दिवस जाण्याची धास्ती, सगळ्यांवर एकच उपाय. पिशवी अकाली गेल्यावर हाडे, कंबर, सांधे आणि मन यांवर काय येते ते त्या आता एकट्याने सोसत आहेत. या गोष्टीला कोणी कुटुंबनियोजन म्हणत नाही. पण ज्या समाजात पाळणा लांबवण्याचे साधन आणि ते सोसायला लागणारी थोडी विश्रांती बाईला मिळत नाही, तिथे ती शेवटी शरीराचा तुकडाच देऊन मोकळी होते, हे आपल्याला दुसऱ्या कुठल्या आकड्यातून इतक्या स्पष्टपणे दिसणार नाही.

आता पुरुषांकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पुरुषांपैकी ३५ टक्क्यांनी सांगितले की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषाने त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही. देशात नसबंदी झालेल्या पुरुषांचे प्रमाण दर हजारी तीन. बिनटाक्याची नसबंदी जागेवर भूल देऊन काही मिनिटांत होते, माणूस त्याच दिवशी घरी जातो, तीन महिने दुसरे साधन वापरून तपासणी केली की काम झाले. बायकोची शस्त्रक्रिया याहून मोठी आणि अधिक जोखमीची. तरी घरात ठरते तेव्हा बहुधा तीच म्हणते, त्यांना काही झाले तर कमवणार कोण, माझेच करा. या बोलण्यात प्रेम आहे, काळजी आहे, आणि आपले शरीर घरात सर्वात स्वस्त आहे हा लहानपणापासून गिरवलेला धडाही आहे. रघुनाथराव कर्व्यांनी आपल्या घरात हा धडा मोडला होता. त्यांच्या नावाने व्याख्याने भरतात, त्यांच्यावर चित्रपट झाला, त्यांचे अंक पुन्हा वाचले जातात. ते सारे चांगलेच आहे. पण त्यांचे अनुयायी शोधायचे तर ते दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये शोधावे लागतील, आणि तिथे आपली नावे फार थोडी आहेत.

लांबवण्याच्या साधनांतही नवऱ्याचा वाटा आहेच. नवरा-बायकोत याविषयी एकदा जरी मोकळे बोलणे झाले असेल, तर साधन घेतले जाण्याची आणि टिकण्याची शक्यता वाढते, हे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा पुढे आले आहे. आपल्याकडे मात्र ते बोलायला जागा कुठे असते? एका खोलीत सासू-सासरे, दीर, पोरे. दिवसभर शेत, रात्री थकवा. लग्नाच्या याद्या होतात, मानपान ठरतात, पत्रिका जुळतात, पण पहिले मूल केव्हा हे कुठल्याच बैठकीत कोणी काढत नाही. तो विषय अपशकुनाचा वाटतो. आपल्या मुलाला आपण एवढेच सांगितले, की तिला तू विचार आणि ती म्हणेल तोवर थांब, तर त्या संसाराची सुरुवात किती वेगळी होईल! सासूच्या मनात तर याची बीजे असतातच. तिने स्वतः वर्षाआड बाळंतपणे काढलेली असतात, एखादे मूल गमावलेले असते. सरकारने सासू-सुनांची संमेलने सुरू केली ती हेच ओळखून. दवाखान्यात सुनेचा हात धरून बसलेली आणि नर्सबाईला हिला तांबी बसवा, मला जे झाले ते हिला नको असे सांगणारी सासू ही आजही अनेक गावांतली खरीखुरी बाई आहे. तिचे कौतुक मात्र कुठल्या सत्कारात होत नाही.

साधन घ्यायलाच हवे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. एखादीला लवकर मुले हवी असतील, एखादीचा जीव तांबीने खरेच कातावत असेल, एखादीला नवऱ्याचे निरोध किंवा रोजची गोळीच बरी वाटत असेल, तर ते तिचे ठरवणे. तांबी आणि काडी या दोन्हींत एक गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि सरकारी दवाखाने चालवणाऱ्यांनी ती सर्वात आधी ध्यानात घ्यायला हवी. गोळी बाई आज घेते, उद्या सोडते. त्यासाठी तिला कोणाच्या दारात जावे लागत नाही. तांबी आणि काडी बसवायलाही दुसऱ्याचा हात लागतो आणि काढायलाही. म्हणून ती दोन महिन्यांनी परत आली आणि काढा म्हणाली, तर आणखी थोडे दिवस थांब, एवढी चांगली आहे, उगाच कशाला काढतेस, असे सांगून तिला परत पाठवण्याची रीत बंद झाली पाहिजे. तिला रक्ताची तपासणी, लोहाच्या गोळ्या, कळांवर औषध देऊ करावे, पुन्हा एकदा समजावून सांगावे. तरीही ती काढाच म्हणाली तर त्याच दिवशी, कारण न विचारता, तिची तांबी काढून मिळावी, आणि नोंदवहीत ती त्या केंद्राची उणीव म्हणून लिहिली जाऊ नये. काढणाऱ्यांचा आकडा कमी दिसावा म्हणून दार अडवणाऱ्या केंद्राची बातमी पाच गावांत पोचते. आणि जिथे मागितली की काढून मिळते, तिथली बाई नळावर तेही सांगते. तिचे ऐकून पुढच्या आठवड्यात दुसरी एखादी, लेकराला कडेवर घेऊन, नवऱ्याला सोबत आणून, बसवून घ्यायला येते.